ग्राउंड झिरोवरून थेट

"अणुबॉम्ब जिथे फुटतो, त्याच्या बरोबर खालची जमीन म्हणजे ग्राउंड झिरो," असं बनारसला राहणाऱ्या, फिजिक्सच्या निवृत्त शिक्षिका गीताताई आपल्या मुलाला नेहमी बजावत. शार्दूल दिल्लीत एका न्यूज चॅनलवर होता. त्याच्याकडे भूकंप झाला की ग्राउंड झिरो, निवडणूक लागली की ग्राउंड झिरो, आणि कचोरीच्या दुकानापुढे रांग लागली तरी ग्राउंड झिरोच. "आई, शब्द आता खूप पुढे गेलाय," तो हसून म्हणायचा.

यंदा गंगेला पूर आला आणि टीव्हीवर साक्षात शार्दूल दिसला. अंगात रेनकोट, पाठीमागे बनारसच्याच पंचगंगा घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या. "हम इस वक़्त ग्राउंड ज़ीरो पर हैं!" तो ओरडून सांगत होता. गीताताईंचा त्या शब्दावरचा राग कुठल्या कुठे पळाला. दोन वर्षांनी लेक बनारसला आला होता, तोही घराखालच्या घाटावर! थर्मासमध्ये चहा भरून, कोरडा टॉवेल काखोटीला मारून त्या गल्लीतून थेट पाण्यापर्यंत उतरल्या. तिथे एक नाववाला आपली नाव खांबाला बांधत होता. बाकी कुणीच नव्हतं.

त्यांनी घाबरून फोन लावला. "कुठे आहेस रे?"

"स्टुडिओत. मागचा घाट पडद्यावरचा असतो, आई. तू कुठे आहेस?"

"घाटावर."



"अरे वा! मग जरा व्हिडिओ काढून पाठव ना. ग्राउंड झिरोवर आमचं कुणीच नाहीये."