डाव्या पायाची झीज

चटईवाल्याने बोटीच्या डेकवर फोमचे नऊ नमुने ओळीने मांडले आणि त्यांवर मगभर पाणी ओतलं. ओल्यावर पाय ठेवून बघा, म्हणाला, कोरड्यावर सगळेच चांगले वाटतात.

टायरवाल्याने चपला काढल्या. उभा जन्म टायर विकण्यात गेलेला; पकड म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्याचं मत होतं. हा नमुना अंगठ्याने दाब, त्याच्या खाचांतून नख फिरव, असं त्याचं बराच वेळ चाललं. मागच्या महिन्यात बायको ओल्या डेकवर घसरून पडता पडता वाचली होती, ते निमित्त. तिला करड्या रंगाची पातळ चटई आवडली होती. तसं तिने एकदा सांगितलं आणि गप्प बसली. त्याला मात्र सगळ्यात जाड हवी होती, कारण त्याला एक जागा झाकायची होती.

ती जागा स्टिअरिंगच्या मागे होती. तिथला पांढरा रंग उडून खालचा पिवळट थर वर आला होता. पावलांएवढे दोन डाग. बोट बायकोच्या पहिल्या नवऱ्याची. तो आजारपणात गेला त्याला सहा वर्षं झाली, आणि टायरवाल्याशी तिचं लग्न झालं त्याला चार. घरातले फोटो तिने आपणहून उतरवले, त्याचं कपाटही रिकामं केलं. पण दर रविवारी स्टिअरिंग धरायला उभं राहिलं की याचे पाय नेमके त्या डागांवर पडायचे आणि सकाळ नासायची.

टायरची झीज बघून गाडी कोण कशी हाकतो ते तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, आणि सहसा चुकत नसे. ही झीजही त्याने पहिल्याच महिन्यात वाचली होती. डावा डाग उजव्यापेक्षा खोल, म्हणजे पठ्ठ्या डावीकडे भार देऊन उभा राहायचा. डावीकडे बाक होता. त्या बाकावर कोण बसत असणार हे सांगायला ज्योतिषी नको. स्वारी सगळा वेळ तिच्याकडे झुकून गप्पा मारत असणार. टायरवाला बोट चालवायचा तेव्हा ती मागे बसायची आणि पाण्याकडे बघायची. पहिल्याला ती अरे-तुरे करायची, हेही त्याच्या कानावर आलं होतं. याला मात्र अहो. म्हणे मान. असला मान चुलीत घाला, असं त्याला कितीदा वाटलं होतं. मेलेल्या माणसावर जळू नये हे त्याला कळत होतं, पण कळून उपयोग काय?

शेवटी जाड नमुना ठरला. चटईवाल्याने डेकवर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं, कडा चिकटपट्टीने बसवल्या आणि मार्करने डेकचा आकार उतरवून घेतला. याच मापाने चटई कापली जाणार होती. चालवणारा उभा राहतो तिथे खाली आणखी एक थर घालतो, पाय दुखत नाहीत, असं सांगून त्याने टायरवाल्याला स्टिअरिंगपाशी उभं केलं. प्लास्टिकखालून दोन्ही डाग स्वच्छ दिसत होते. टायरवाला मुद्दाम वीतभर उजवीकडे उभा राहिला.

चटईवाला मार्कर हातात धरून बघत राहिला.

"साहेब, असे तिरके का? हात तरी पोचतोय का?"

"मी असाच उभा राहतो."

"पण रंग तर इथे उडालाय."

"ते जुन्या मालकाचे पाय आहेत. चटई लावण्याआधी घासून टाका. नावनिशाणी राहायला नको."

बायको इतका वेळ कडेला होती. ती चपला काढून पुढे आली, सरका जरा म्हणाली, आणि त्या दोन डागांवर उभी राहिली. तिचे हात आपसूक स्टिअरिंगवर गेले.

"जुन्या मालकाने या स्टिअरिंगला कधी हात लावला नाही," ती चटईवाल्याला म्हणाली. "त्याला गळ टाकून बसायचा नाद. अकरा वर्षं बोट मीच चालवलीय."

चार वर्षं टायरवाला स्वतःच्या बायकोच्या पायांवर जळत होता. मग आधी बोलली का नाहीस, असं त्याने कसंबसं विचारलं. पहिल्याच रविवारी तुम्ही चावी मागितलीत, ती म्हणाली, हौस असेल म्हणून दिली. नंतर तुम्ही कधी विचारलं नाहीत.

त्याला हायसं वाटलं. इतकं, की हसूच यायला लागलं. पठ्ठ्याला साधी बोट चालवता येत नव्हती! तो हसतच खाली बघायला गेला आणि त्याची नजर पुन्हा त्या खोल डागावर अडकली. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"डावा पाय जास्त झिजलाय तुझा."

"हो," ती म्हणाली. "तो डाव्या बाकावर बसायचा."

चटईवाल्याने घसा खाकरून विचारलं, मग आता पाय कुणाचे आखू? माझे, ती म्हणाली, आणि पातळवाली करडी चटई लावा. तो गुडघ्यांवर बसून तिच्या पावलांभोवती मार्कर फिरवू लागला.

टायरवाला डाव्या बाकावर जाऊन बसला, आणि तिचा भार कुठल्या पायावर पडतो ते बघत राहिला.