भिजत घातलेले गहू

"तुम्हीच सांगा, जाऊ की नको?" लंकाने पुन्हा विचारलं, आणि वाल्मीकने दाढी करता करता हनुवटी कापून घेतली.

आठवड्यातली ही दहावी-बारावी वेळ. जा म्हटलं की ती अडचणींचा पाढा वाचायची. नको जाऊस म्हटलं की दिवसभर अबोला. एम.एड.च्या प्रवेश परीक्षेचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी सिन्नरला नणंदेचं बाळंतपण निघालं. दुसऱ्या वर्षी वाल्मीकला कावीळ झाली. यंदा, चौऱ्याऐंशी साली, कुरडया. 'या वर्षी न बसता पुढच्या वर्षी बसते' असा अर्ज तिने लिहूनही ठेवला होता. तो शनिवारी एकच्या आत कॉलेजात पोचायला हवा होता. आणि शनिवार आजच होता.

वाल्मीकचा खरा राग होता आईवर. परीक्षा रविवारी, आणि बुधवारीच घरात गहू भिजत पडलेले. तीन दिवस भिजले की शनिवारी वाटायचे, चीक निवळायला ठेवायचा, रविवारी सकाळी शिजवून उन्हात कुरडया घालायच्या. गहू कुणाच्या परीक्षेसाठी थांबत नाहीत, आंबतात. नाशिकरोडच्या त्या दोन खोल्यांत अर्धी पायली गव्हाचा पसारा सुनेशिवाय कोण उरकणार? शेजारच्या नवसाबाईने तर त्याला नळावर गाठलं होतं. "का रे, तुझ्या आईला कुरडया बरोबर परीक्षेच्याच दिवशी सुचल्या?"

गुरुवारी तो आईला बोललाही होता. "आठ दिवस थांबली असतीस तर कुरडया काय रुसणार होत्या?"

फुलाबाईंनी गव्हाचं पाणी बदललं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी बाई.

"द्या मग नेऊन," लंकाने पाकीट पुढे केलं. "मी गहू वाटायला बसते."

वाल्मीकने पाकीट खिशात घातलं आणि आईला शेवटचे दोन शब्द ऐकवायला मागच्या दारी गेला.

पाटा धुऊन भिंतीला उभा केलेला होता. फुलाबाई पाय पसरून बसल्या होत्या. दोन्ही हातांचे पंजे सुजून लाल झाले होते. शेजारी पातेल्यावर फडकं बांधलेलं, आत पांढराशुभ्र चीक.

"झालं वाटून," त्या म्हणाल्या. "तांबडं फुटायच्या आधीच बसले होते. उद्या नवसाबाई साचा घेऊन येतीय. तिची जीभ लय चालते, जरा हात बी चालू दे."

वाल्मीकने खिशातलं पाकीट चाचपलं.

मागून लंका आली. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण पातेलं बघून तिचा चेहरा असा पडला, जणू डोळ्यांदेखत शेवटची एस.टी. सुटली.

"आत्या, तुम्ही कशाला वाटलेत?" ती रडवेली झाली. "ते गहू तर मी भिजत घातले होते."

"ठाऊक हाय," फुलाबाई बोटांवर फुंकर घालत म्हणाल्या. "म्हणून तर वाटले."