बॅटरी काढलेल्या गाडीतला फ्रीज

शेखर आणि सृष्टीने जुन्या व्हॅनमध्ये झोपायला बाक आणि छोटा फ्रीज बसवून घेतला होता. पहिल्या सहलीसाठी शेखरच्या आईने पुरणपोळ्या करून गाडीतल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. निघायच्या आधीच आई अचानक गेली. गाडी ओझरच्या घरासमोर उन्हात उभीच राहिली.

दिवसकार्य आटोपल्यावर शेखरला पोळ्या आठवल्या. बॅटरी तर त्याने आधीच द्वारका चौकातल्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला दिली होती.

"आंबल्या असतील रे," सृष्टी म्हणाली. "तू नको येऊस, मी टाकून देते."

तरी तो गेलाच. गाडी आतून भट्टीसारखी तापली होती. फ्रीजर उघडला, तर डब्यावर बर्फ साचलेला. शेजारचे मटार दगडासारखे कडक. शेखरने मागची वायर चाचपली. ती नुसतीच लोंबत होती.

"असू दे," तो हळूच म्हणाला. "आईच्या हातचं आहे. आजच खाऊ या."

सृष्टीने बर्फ खरवडून झाकण काढलं. पोळ्या गोठून एकमेकींना चिकटल्या होत्या. सगळ्यात वरच्या पोळीवर मात्र कुणीतरी तूप सोडलं होतं. ते अजून पातळ होतं आणि कडेकडेने ओघळत होतं.