हरकतदार

पोरांच्या एका आजारावरचं औषध दोनच कंपन्या बनवायच्या. आता थोरली धाकटीला विकत घेणार होती. मग भाव ती म्हणेल तोच. परवानगी देणाऱ्या आयोगापुढे सुनावणी लागली. आजारी पोरांच्या आईबापांनी हरकत घेतली आणि बोलायला त्यांच्यातल्या मास्तरांना पुढे केलं. मास्तर मेले तरी खोटं बोलायचे नाहीत.

"हरकत मागे घेतो," मास्तर उभे राहून म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "कारण?"

"कंपनी माझ्या मुलीला जन्मभर औषध फुकट देतेय."

"आणि बाकीच्यांची पोरं?"

मास्तर खाली बसले. मागच्या बाकांवरून आईबाप त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

त्यातली एक आई शेजारणीच्या कानाशी लागली, "मेले कंपनीवाले आधी माझ्याकडे का नाही आले गं?"