गॅलरीतलं कुमुद

सासरे अंथरुणाला खिळल्यापासून सुनेच्या पायाला दिवसभर भिंगरी. त्यात संध्याकाळी, स्वयंपाकाच्या ऐन घाईत, त्यांची हाक ठरलेली. "अगं, गॅलरीत जाऊन बघ जरा, कुमुदाला कळी आली का?"

तळ्यातून आणलेलं ते कुमुद त्यांनी स्वतःच्या हातांनी टबात लावलं होतं. ते आजारी पडल्यावर हिने घाईघाईत ओलं शेणखत वरूनच ओतलं आणि कंद सडला. सांगायची छाती होईना. मग ती गॅलरीत जायची, गढूळ पाण्यापाशी जुन्या स्टुलावर जरा बसायची आणि आत येऊन थाप मारायची, "कळी धरलीय बाबा, उमलेल."

आज मात्र खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "बाबा, ते कुमुद केव्हाच गेलं हो."

"माहितीये. खिडकीतून वास येतो की."

"मग रोज कशाला पिटाळता मला?"

"त्या स्टुलाची कुरकुर ऐकायला," ते म्हणाले. "तेवढीच काय ती दिवसभरात तू टेकतेस."