डीजेच्या गाडीवरचं पाणी

"सुरू कर रं आता. ती बघ, खाली बसाया लागली," मुंजाबा म्हणाला.

अजिनाथने मान वर करून बापाकडे बघितलं नाही. त्याचं डोकं पिकअपच्या बॉनेटखाली होतं आणि हातात शहागंजातून आणलेली अंगठ्याएवढी जाड वायर. तहानेने बसलेली मेंढी पुन्हा उठेलच असं नाही, हे त्यालाही बापाइतकंच ठाऊक होतं. काल सकाळपासून कळपाच्या तोंडात थेंब गेला नव्हता. हर्सूलच्या तलावाला भेगा पडल्या होत्या. टँकर माणसांनाच पुरत नव्हते, तिथं मेंढरांना कोण विचारतो?

पाणी होतं ते इथं, पायाखाली. प्लॉटिंगवाल्यांनी माळावर बोअर घेतला, आत मोटर सोडली, दगड रोवले, मोगरा मार्ग, पारिजात मार्ग अशी रस्त्यांची बारशीही उरकून टाकली. फक्त वीज यायची राहिली होती. तिथला वॉचमन कडुबा सकाळीच म्हणाला होता, "मोटर चालवून दाखवा, आन् लागंल तेवढं पाजा."

मोटर चालवायला अजिनाथकडे काय होतं, तर वरातीत वाजणारी डीजेची गाडी. मोठा आवाज लावला की बॅटऱ्या बसायच्या, म्हणून त्याने इंजिनवर वीज तयार करणारे अल्टरनेटर एकाच्या जागी तीन चढवले होते. त्या गाडीला मुंजाबाने आजवर हात लावलेला नव्हता. "त्या धडधडीनं गाभण मेंढी गाभडंल," म्हणायचा, आणि गाडी कळपापासून लांब उभी करायला लावायचा.

आज स्पीकर उतरवून मातीत ठेवले होते. त्यांची वीज गाडीतल्या इन्व्हर्टरमधून बोअरच्या मोटरीला जाणार होती. तिन्ही अल्टरनेटरनी ओझं सारखं उचलायला हवं. एकाचा जोड ढिला राहिला की तो अंग चोरतो आणि त्याच्या वाटणीचं दुसऱ्या दोघांच्या डोक्यावर येतं. म्हणून अजिनाथने अर्थिंगच्या वायरीही पत्र्याला न लावता थेट बॅटरीपर्यंत आणल्या. एकेक नट आवळला. परत आवळला. घामाने पाना निसटत होता आणि त्याला रडू येईल असं वाटत होतं.

"आबा, मी गाडीत बसून रेस धरतो. तुम्ही मेंढरांकडं बघा."

इंजिन ओरडायला लागलं. बोअरच्या पोटात मोटर नुसती घुरघुरली, अडली, आणि फिरली. पाइपने आधी हवा खोकली, मग गढूळ चिखल. मग पाणी आलं.

कडुबाने मांडलेल्या घमेल्यांवर कळप तुटून पडला. मुंजाबाने काठी आडवी धरली, शिट्ट्या घातल्या, पण धडधाकट मेंढ्या त्याच्या पायांमधूनसुद्धा घुसल्या. लेकुरवाळ्या आणि कोकरं मागे रेटली गेली. पिऊन झालेल्यांना तो शिंगं धरून बाजूला ओढत होता आणि ओढता ओढता हसत होता.

तेवढ्यात त्याला जळका वास आला. तो गाडीच्या तोंडाशी गेला. मधल्या अल्टरनेटरवर त्याने बोटं टेकवली आणि चटका बसून मागे घेतली. बॉनेट उघडं असल्यामुळे आत बसलेल्या अजिनाथला यातलं काहीच दिसत नव्हतं.

ऊन लागलेल्या जनावराला काय करतात हे मुंजाबाला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने खांद्यावरची घोंगडी घमेल्यात बुचकळली. फिरता पट्टा सोडून मागच्या अंगाने ती अल्टरनेटरभोवती नीट गुंडाळली. गरम वारा शिरायला फट राहू नये म्हणून कडाही आत खोचल्या. अल्टरनेटर त्याच फटींमधून वारा घेतो आणि त्याच वाऱ्यावर थंड राहतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो समाधानाने कळपाकडे परतला.

घोंगडीतून वाफ निघाली, मग धूर. पाइपची धार बोटाएवढी झाली, करंगळीएवढी झाली, थांबली. इन्व्हर्टर शिटी मारत सुटला.

इंजिन बंद करून अजिनाथ उडी टाकून खाली आला आणि घोंगडी बघून जागच्या जागी थांबला. मधला गेला होता. त्याचं ओझं अंगावर घेऊन बाकीचे दोनही गेले होते. त्याने धावत जाऊन पुन्हा चावी फिरवली, रेस दिली. खाली मोटर हललीसुद्धा नाही.

अर्धा कळप अजून कोरडाच होता. आधी प्यालेल्या मेंढ्या रिकामी घमेली चाटत होत्या, त्यामुळे मागच्यांना तेवढंही मिळत नव्हतं.

"नाय व्हायाचं का आता?" कडुबाने विचारलं.

"नाय."

अजिनाथच्या तोंडापर्यंत शिवी आली होती. बापावर त्याने आयुष्यात कधी हात उगारला नव्हता, पण आत्ता मूठ आपोआप वळली.

मुंजाबाने वाफाळणारी घोंगडी ओढून काढली. जवळचं एक कोकरू मांडीत धरलं, जबडा उघडला आणि फुंकर मारत मारत घोंगडीचं टोक पिळायला लागला. दोन-चार थेंब पडले. त्याने दुसरं टोक घेतलं.

"मधलं लई तापलं व्हतं रं," तो मान खाली घालून म्हणाला. "माझ्या ध्यानातच उशिरा आलं. घोंगडी जरा आधी टाकाया पायजे व्हती. समद्या पिल्या असत्या."

अजिनाथने मूठ सोडली. तो बापाच्या शेजारी उकिडवा बसला आणि घोंगडीचं मोकळं टोक पिळायला हातात घेतलं.

"व्हय आबा," तो म्हणाला.