आज हा पाय, उद्या तो

डॉक्टरांनी पुढच्या पायाचा सांधा बोटांनी दाबला, तसा भुऱ्या विव्हळला. दुसरा पाय दाबला, तेव्हाही विव्हळला. मागच्या गुडघ्याला हात लागायच्या आधीच त्यानं दात दाखवले. पण चावण्याइतकी मान काही त्याला उचलता आली नाही.

"किती दिवस लंगडतोय?"

"लंगडस बी, आन नही बी," आधार म्हणाला. दोन कोसांवरच्या खेड्यातून तो कुत्र्याला गोधडीत बांधून, पाठीवर घेऊन दोंडाईच्याच्या गुरांच्या दवाखान्यात आला होता. यायचं त्याच्या मनात नव्हतं. बायको, द्रौपदाबाई, दोन दिवस मागं लागली म्हणून आला. "आज हाऊ पाय उचलस, उद्या तो. खरं दुखनं एकच जागावर ऱ्हास ना साहेब? सोंग करस हाऊ."

डॉक्टर सांधे चाचपत राहिले.

"मना घरमा सगळासनाच पाय दुखतस," आधार हसून म्हणाला.

टेबलाच्या पलीकडे द्रौपदाबाई कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. तिनं हात काढून पदराखाली घेतले.

डॉक्टरांनी कानाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि ते आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. भुऱ्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पांढऱ्या पडल्या होत्या.

"गोचिडांचा ताप आहे. रक्तात जंतू झालेत. अंगात रक्तच राहिलं नाही त्याच्या. आणि हे दुखणं सांध्यांत उतरलंय. सगळ्याच सांध्यांत. ज्या दिवशी जो जास्त ठणकतो, तो पाय तो उचलतो." त्यांनी आधारकडे पाहिलं. "सोंग नाही हे."

त्यांनी भुऱ्याला कुशीवर वळवलं.

"आणि बरगडीवर हे काय?"

केसांखाली हाताएवढा लांब वळ होता. डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवलं.

"लांडग्यानं करडू नेलं," आधार म्हणाला. "परवा. भर दुपारले. मी वरडी ऱ्हायनू आन हाऊ नुसता बसेल व्हता. उठना नही."

"मग?"

"मग मी मारं."

डॉक्टरांनी दाराशी टेकवलेल्या त्याच्या काठीकडे एकदा पाहिलं. उकळत्या पाण्यातून काचेची सिरिंज काढली, औषध भरलं, टोचलं. सुई शिरताना भुऱ्या हलला नाही.

"आठ दिवस आधी आणायला हवा होता. बाहेर सावलीत बसा. बघू काय होतं ते."

ते दोघं आवारातल्या निंबाखाली बसले. मध्ये गोधडीवर भुऱ्या. ऊन चढत गेलं. एक म्हातारा बैल दाखवून गेला, दोन बाया शेळी घेऊन आल्या. भुऱ्याच्या डोळ्यांवर माश्या बसायला लागल्या. त्या हाकलायला आधारनं हात उचलला.

भुऱ्यानं डोळे घट्ट मिटले आणि मान आत ओढून घेतली.

आधारचा हात तसाच वर राहिला. "नही रे," तो म्हणाला. "माशी शे, माशी." त्यानं हात खाली घेतला, आणि यावेळी अगदी जमिनीलगत, हळूहळू पुढं नेला. भुऱ्यानं पुन्हा डोळे मिटले. मग आधारनं हात मांडीखाली दाबून धरला. द्रौपदाबाई पदरानं वारा घालत राहिली.

उन्हं कलताना भुऱ्या गेला. केव्हा गेला ते कळलंही नाही. पोट हलायचं थांबलं एवढंच. डॉक्टर येऊन वाकले, छातीवर हात ठेवला आणि तसेच उठून आत गेले. शिपाई तोताराम फावडं घेऊन आला. "मागं पडीक जागा आहे, आबा. तिथं पुरा. एवढ्या लांब परत कुठं नेता?"

आधारनं खड्डा खणला. जमीन कडक होती, वेळ लागला. भुऱ्याला गोधडीसकट आत ठेवलं. तोताराम म्हणाला, "गोधडी चांगली आहे, राहू द्या." आधारनं ऐकलं नाही.

द्रौपदाबाई खड्ड्याच्या कडेला बसून माती लोटू लागली. मूठ भरून नव्हे. दोन्ही हात आडवे धरून, मनगटांनी. आधार फावडं टेकून पाहत राहिला. तिची बोटं पेरापेराशी सुजली होती आणि मिटत नव्हती. ह्याच हातांनी ती रोज भाकरी थापत होती, शेळ्या पिळत होती.

"तुना हात असा कधीपासून शे?"

"दिवाळीपासून सांगस मी."

फावड्याची माती खड्ड्यात पडली. आणखी एक फावडंभर पडली.

"माले वाटनं..." आधार म्हणाला.

"त्याले बोलता येस नही," द्रौपदाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "माले तं येस."

माती सारखी झाली. आधारनं फावडं परत दिलं, काठी उचलली. थोडा वेळ ती हातात धरून उभा राहिला आणि मग दवाखान्याच्या कुंपणापलीकडे टाकून दिली. द्रौपदाबाई अजून खालीच बसली होती. गुडघ्यांवर हात टेकून उठू पाहत होती, उठता येत नव्हतं.

तो तिच्यापाशी गेला. इतक्या वर्षांत रस्त्यावर, चारचौघांत, त्यानं कधी तिचा हात धरला नव्हता. वाकून त्यानं तो धरला आणि तिला वर ओढायला लागला.

"हळू धरा," ती म्हणाली. "दुखस."